एकसारख्या तीन पेट्या आणि न बोलणारा बेंजो

पोळ्याला चार दिवस राहिले होते. सकाळी दुकान उघडतच होतो, तेवढ्यात उत्तर नागपुरातल्या एका गायन पार्टीचे बेंजोवाले काका ऑटोतून उतरले. एका हातात बेंजो, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत तीन डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडायच्या छोट्या पेट्या. "जय भीम बाबू," म्हणाले आणि चहा यायच्या आधीच मुद्द्यावर आले. "माझा बेंजो बोलूनच नाही राह्यला. आवाज असा येते का जसं त्याच्यावर कोणं गोणपाट टाकलं. साउंडवाला म्हणते पिकअप बदला. वीस वर्षांपासून हाच पिकअप आहे, आता काऊन बदलू?"

बेंजो म्हणजे आपल्याकडचा बेंजो. बुलबुल तरंगाच्या तारांखाली चुंबकाचा पिकअप बसवलेला, टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचा. भीमगीतांच्या आणि भजनांच्या कार्यक्रमात गाण्याची सुरुवात बऱ्याचदा त्याच्याच तुकड्याने होते. तो दबला की गाणं उठत नाही, म्हणून काकांची तगमग मला पटत होती.

पार्टीने उन्हाळ्यात तीन पेट्या विकत घेतल्या होत्या, बिननावाच्या, बाहेरून अगदी सारख्या. एक बेंजोला, एक ऑक्टापॅडला, एक कीबोर्डला. त्याच कीबोर्डच्या लाइनवर कधी ट्रॅक वाजवायला लॅपटॉप लागायचा. तिघांच्या तक्रारी मात्र वेगळ्या होत्या. बेंजो दबलेला. ऑक्टापॅडचा किक, म्हणजे ड्रमचा तळाचा ठोका, फाटलेला. कीबोर्डच्या लाइनवर हम, म्हणजे विजेची घूं, आणि लॅपटॉप लावला की हमवर आणखी एक बारीक किर्र. पुढचा मोठा कार्यक्रम दसऱ्याचा होता, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. १९५६ च्या धम्मदीक्षेपासून त्या दिवशी दीक्षाभूमीकडे माणसांचे लोंढे येतात, आणि वस्त्यावस्त्यांतल्या विहारांतही रात्री कार्यक्रम असतात. त्यांच्या विहाराच्या पटांगणात वाजवायचं होतं. हाताशी जवळपास दीड महिना होता.

डीआय बॉक्सचं काम सांगायला सोपं आहे. वाद्याचा जास्त इम्पिडन्सचा (इम्पिडन्स म्हणजे सिग्नलच्या वाटेतला विजेचा अडथळा, ओहममध्ये), एका तारेवरचा सिग्नल घ्यायचा आणि मिक्सरच्या माइक इनपुटला लागेल असा कमी इम्पिडन्सचा, दोन तारांवर बॅलन्स केलेला सिग्नल द्यायचा. वाद्याची जमीन (ग्राउंड) आणि मिक्सरची जमीन यांच्यात तांब्याचा थेट संबंध न ठेवता हे करायचं असेल तर ट्रान्सफॉर्मर लागतो. पॅसिव्ह, म्हणजे वीज न लागणाऱ्या पेटीत त्याच्याशिवाय दुसरं फारसं काही नसतंच, म्हणून ट्रान्सफॉर्मर चुकला तर पेटीच चुकली.

पेट्या उघडल्यावर

पत्र्याच्या डबीत टेलिफोन मोडेममध्ये असतो तसा, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा ट्रान्सफॉर्मर होता. ६०० ओहम ते ६०० ओहम, म्हणजे १:१, दोन्ही गुंडाळण्यांना सारखेच फेरे. टेलिफोनची वाणी ३०० ते ३,४०० हर्ट्झमध्ये मावते, त्याच्यासाठी ही वस्तू उत्तम आहे. पण किकचा धक्का ६० हर्ट्झच्या आसपास असतो. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमधला, म्हणजे धातूच्या गाभ्यातला, चुंबकीय फ्लक्स व्होल्टेजला फ्रिक्वेन्सीने भागून ठरतो. तो मर्यादेपलीकडे गेला की कोअर भरतो आणि आवाज फाटतो. जो कोअर १०० हर्ट्झला १ व्होल्ट सांभाळतो तो ५० हर्ट्झला अर्धाच व्होल्ट सांभाळतो, २५ ला पाव. त्या पेरभर कोअरला ऑक्टापॅडचा लाइन लेव्हलचा किक पेलणं शक्यच नव्हतं.

ऑक्टापॅडच्या पेटीत आणखी एक गोष्ट सापडली. कॅनन सॉकेटची (माइक केबल लागते ते तीन पिनांचं) ३ नंबरची पिन एका छोट्या तारेने १ नंबरला जोडलेली होती. हम कमी करायला कुणीतरी केलेला उपाय असावा. साउंडवाल्याच्या मिक्सरवर फँटम पॉवरचं, म्हणजे माइक केबलमधूनच माइकला वीज देण्याचं, एकच बटण आहे, सगळ्या चॅनलना मिळून, आणि ढोलकीवरच्या कंडेन्सर माइकसाठी ते कायम चालू असतं. फँटमचे ४८ व्होल्ट २ आणि ३ नंबरच्या पिनांवर ६.८ किलोओहमच्या दोन सारख्या रेझिस्टरमधून येतात. ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज असलं की वाइंडिंगमधून करंट वाहत नाही, आणि म्हणूनच ट्रान्सफॉर्मरचा डीआय फँटमवर बिनधास्त चालतो. पण ३ नंबर जमिनीला बांधली की २ नंबरकडून येणारा ७ मिलिअँपिअर डीसी सगळा वाइंडिंगमधून जातो आणि कोअर एका बाजूने आधीच भरून बसतो. मी फँटम बंद करून किक वाजवून पाहिला. फाटणं निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं त्या छोट्या कोअरचं होतं.

तिन्ही पेट्यांना ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे वाद्याची आणि मिक्सरची जमीन एकमेकांपासून सोडवणारा, स्विच होता, पण तो काहीच करत नव्हता. वाद्याची वायर लागते ते पी-३८ चं सॉकेट धातूचं, नटाने थेट डबीवर कसलेलं, आणि डबी १ नंबर पिनला. स्विच कुठेही ठेवा, जमीन डबीतून जोडलेलीच राहायची. कीबोर्डच्या लाइनवरचा हम इथूनच येत होता.

बेंजोचं गणित

काकांच्या पिकअपवर मी बराच वेळ घालवला, कारण तो निर्दोष आहे हे मला आकड्यांनी दाखवायचं होतं. डीसी रेझिस्टन्स ७.२ किलोओहम, एलसीआर मीटरवर इंडक्टन्स २.६ हेन्री. तारा गुंडाळणाऱ्याने मन लावून गुंडाळलेला पिकअप होता तो. त्याच्यापुढे व्हॉल्यूमचा २५० किलोओहमचा पॉट.

आता मिक्सरचा माइक इनपुट साधारण २ किलोओहमचा. १:१ चा ट्रान्सफॉर्मर तो भार जशाचा तसा पिकअपला दाखवतो. ७.२ किलोओहमच्या पिकअपवर २ किलोओहमचा भार पडला की पहिल्याच फटक्यात १३ डेसिबल (डीबी) गेले. ते गेन वाढवून भरता येतात, पण खरं नुकसान पुढे आहे. २.६ हेन्रीच्या इंडक्टन्समधून ९.२ किलोओहमच्या एकूण रेझिस्टन्समध्ये सिग्नल ढकलायचा तर ५६० हर्ट्झच्या वर तो उतरायला लागतो. बेंजोची टणक, तारेची धार सगळी त्याच्या वर असते. गोणपाट ते हेच. मिक्सरवर ट्रेबल कितीही फिरवला तरी फक्त खरखर वाढते, कारण तिथे उचलायला मालच उरलेला नसतो.

१२:१ चा ट्रान्सफॉर्मर लावला तर काय होतं? इम्पिडन्स फेऱ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो. १२ चा वर्ग १४४. तेच २ किलोओहम पिकअपला २८८ किलोओहम दिसतात. पॉट समांतर धरला तरी १३४ किलोओहम उरतात आणि उतार ५६० हर्ट्झवरून साडेआठ किलोहर्ट्झच्या पलीकडे जातो. बदल्यात व्होल्टेज १२ पटीने कमी होतं, २१.६ डीबी. माइक इनपुटला त्याचं काही वाटत नाही, तो तेवढ्याच सिग्नलसाठी केलेला असतो. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर पिकअपचे ७.२ किलोओहम १४४ ने भागले जाऊन ५० ओहम होतात, म्हणून पेटीपासून मिक्सरपर्यंत लांबच लांब माइक केबल टाकता येते.

हे सगळं मी वहीवर मांडून काकांना दाखवलं. आकडे त्यांनी बारकाईने पाहिले नाहीत, पण ५६० आणि ८,५०० च्या मधलं अंतर त्यांना लगेच कळलं. "म्हणजे पिकअप चांगला आहे नं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी बेंजोवर रुमाल फिरवला.

लोखंड की निकेल

मग तिन्हींना १२:१ चे चांगले ट्रान्सफॉर्मर लावून मोकळं व्हावं, असा सोपा मार्ग होता. गिटारच्या डीआयसाठी १२:१ चे तयार ट्रान्सफॉर्मर मिळतात, जेन्सनचा जेटी-डीबी-ई हा त्यातला सगळ्यात परिचित. मागवायला परदेशातून लागतो, वर कस्टम ड्यूटी. तीन घेणं पार्टीच्या खिशाला झेपणारं नव्हतं. ज्या कामाला साधं लोखंड पुरतं तिथे निकेलवर पैसे घालवणं मलाही पटत नाही.

फरक कोअरच्या धातूत आहे. ८० टक्क्यांच्या आसपास निकेल असलेल्या मिश्रधातूची परमिअॅबिलिटी, म्हणजे चुंबकत्व घेण्याची तयारी, अगदी छोट्या सिग्नललाही प्रचंड असते. गुस्ताफ एल्मन यांनी १९१४ मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी परमॅलॉय शोधला तो याच गुणासाठी. पण हा धातू ०.८ टेस्लाच्या (फ्लक्सच्या दाटीचं माप) आत भरतो. ट्रान्सफॉर्मरचं सिलिकॉन स्टील २ टेस्लाच्या जवळ जातं, फक्त छोट्या सिग्नलला ते आळशी असतं. सिग्नल जितका बारीक, तितका त्याचा इंडक्टन्स घसरतो.

काकांचा बेंजो दहा-वीस मिलिव्होल्टवर चालतो. काळी एक, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळी पट्टीचा, सा १३८.६ हर्ट्झ, खर्जातला ६९.३. तिथे घट नको तर ट्रान्सफॉर्मरचा कोपरा, म्हणजे जिथून खाली आवाज उतरायला लागतो ती जागा, २३ हर्ट्झच्या आसपास हवा, म्हणजे पिकअपच्या ७ किलोओहमला जवळपास ५० हेन्रीची प्रायमरी (वाद्याकडची गुंडाळणी; मिक्सरकडची ती सेकंडरी). आणि हे पॉट पूर्ण उघडा असताना. काकांना गाण्याच्या मध्ये पॉट अर्ध्यावर आणायची सवय आहे. त्या जागी पॉटच ६० किलोओहमचा सोर्स होऊन बसतो आणि हिशेब ४०० हेन्रीकडे जातो. लोखंडाच्या छोट्या कोअरवर हे होणे नाही. बेंजोला निकेलच.

ऑक्टापॅड आणि कीबोर्डचं उलटं. सोर्स इम्पिडन्स १ किलोओहम धरला तर १८ हर्ट्झच्या कोपऱ्याला ९ हेन्री पुरतात. पण व्होल्टेज मोठं, आणि तळाशी किक. इथे भरपूर लोखंड हवं, आणि लोखंड आपल्या नागपुरात गुंडाळून मिळतं.

मधल्या काळात साउंडवाल्याने हॉर्नसाठी वापरतात तो १०० व्होल्ट लाइनचा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर उलटा लावायचं सुचवलं, त्याच्याकडे चार पडून होते. तो स्पीकरला वॅट पोचवायला केलेला असतो. त्याच्या प्रायमरीचा इम्पिडन्स शेकड्यांत किंवा काही हजार ओहममध्ये असतो, आणि कोअर हॉर्नच्या आवाजापुरता. मी त्याला नाही म्हटलं आणि का ते समोर बसवून सांगितलं. साउंडवाला मुलगा हुशार आहे, नंतर प्रत्येक पायरीला तोच माझ्यासोबत होता.

इतवारीतलं वाइंडिंग

इतवारीत एका वाइंडिंगवाल्या मामांकडे मी वर्षानुवर्षं पॉवर ट्रान्सफॉर्मर करून घेतो. त्यांना कागद दिला: १७ नंबरची स्टॅम्पिंग (कोअरच्या पत्र्याच्या पट्ट्या), म्हणजे मधली जीभ अर्ध्या इंचाची, पट्ट्यांची चट्टीही अर्धा इंच. प्रायमरी ४२ गेजचे २,००० फेरे, सेकंडरी ३४ गेजचे २०० फेरे, १०:१. मध्ये तांब्याच्या पातळ फॉइलचे दोन पडदे, एकमेकांपासून वेगळे. असे दोन नग. हिशेब करून ठेवला होता: अर्धा टेस्लाच धरला तरी हा कोअर २० हर्ट्झला १४ व्होल्ट सांभाळतो. ऑक्टापॅड किंवा कीबोर्डमधून एवढं कधीच येत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत. काळी आणि पिवळी मारबत निघते त्या दिवशी त्या भागात दुकान कोण उघडणार? माल तिसऱ्या दिवशी हातात आला. गुंडाळणी सुरेख, फेऱ्यांचे थर एकावर एक बसलेले. एलसीआर मीटर लावला तर ९ हेन्रीच्या जागी काही मिलिहेन्री. दोन्ही नगांत तेच.

मी एक नग खोलला. स्टॅम्पिंग काढली, सेकंडरी उलगडली, आणि फॉइल दिसली. मामांनी तिची दोन्ही टोकं एकावर एक घेऊन नीट झाळली होती. झाळ इतकी साफ होती की बोटाला लागत नव्हती. आणि तिनेच ट्रान्सफॉर्मर मारला होता. कोअरभोवती तांब्याचं बंद कडं म्हणजे एका फेऱ्याची शॉर्ट झालेली सेकंडरी. येणारा सगळा फ्लक्स तिथेच जिरतो.

मामांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "पॉवरच्या ट्रान्सफॉर्मरले आम्ही पट्टी झाळतोच नं भाऊ. खुली ठेवली तर गिऱ्हाईक परत आणते."

त्यांचं म्हणणं खरं होतं. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरून, कोअर आणि गुंडाळणी दोन्हीला वेढून जी तांब्याची पट्टी घालतात ती झाळलेलीच हवी. तिच्यातून मुख्य फ्लक्स जात नाही, फक्त बाहेर सांडणारा जातो आणि तोच तिला अडवायचा असतो. आतल्या पडद्याचं काम वेगळं आहे. त्याला फक्त दोन गुंडाळण्यांमधली कपॅसिटन्स तोडायची असते, त्यामुळे त्याची टोकं एकमेकांवर यावीत पण मध्ये कागद असावा आणि एकाच जागेवरून तार बाहेर यावी. मी कागदावर "पडदा" एवढंच लिहिलं होतं, चित्र काढायला हवं होतं. मामांनी दोन्ही नग पुन्हा गुंडाळले आणि दुसऱ्या वेळची मजुरी घेतली नाही. मी ती पुढच्या कामात जोडून दिली. या वेळी ९ हेन्रीपेक्षा थोडं जास्तच आलं.

जोडणी

बेंजोसाठी मागवलेला निकेलचा ट्रान्सफॉर्मर तोवर येऊन पडला होता. तो हातात आल्यावर पहिली गोष्ट मी साउंडवाल्या मुलाला सांगितली: याला मल्टिमीटर लावायचा नाही. ओहमच्या रेंजवर मीटर डीसी करंट सोडतो आणि निकेलचा कोअर त्याने थोडा चुंबकीय होऊन बसतो. मग खालच्या सुरांत डिस्टॉर्शन वाढतं आणि कारण सापडत नाही. चुकून लागलाच तर कमी फ्रिक्वेन्सीचा मोठा सिग्नल देऊन तो हळूहळू शून्यावर आणायचा, कोअर पूर्ववत होतो. टोकं कोणती ते कंपनीच्या डेटा शीटवरून ओळखायची. लोखंडाच्या नगांना हे एवढं जपावं लागत नाही.

पेट्या १६ गेज लोखंडी पत्र्याच्या करून घेतल्या. अॅल्युमिनियमची डबी दिसायला छान असते, पण ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तिच्यातून आरपार जातं. निकेलवाला स्वतःच म्यू-मेटलच्या, म्हणजे असं क्षेत्र अडवणाऱ्या धातूच्या, डबीत होता. लोखंडाचे दोन उघडे होते, म्हणून ते कसण्याआधी एक प्रयोग केला. पॉवर अॅम्प्लिफायर चालू करून शेजारी ठेवला, सेकंडरी मिक्सरला जोडली, हेडफोन लावला आणि ट्रान्सफॉर्मर हातात धरून सावकाश फिरवत गेलो. एका स्थितीत हम स्पष्ट ऐकू येत होता, नव्वद अंश वळवला की जवळजवळ नाहीसा. रॅकमध्ये अॅम्प्लिफायर कसा उभा असतो ते लक्षात घेऊन त्या शांत दिशेला पत्र्यावर पेन्सिलने रेघ मारली आणि तिथेच भोकं पाडली. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते नंतर करता येत नाही.

सॉकेटं प्लास्टिकच्या अंगाची, पत्र्यापासून वेगळी राहणारी पी-३८. इनपुट आणि थ्रू (तोच सिग्नल पुढे नेणारं सॉकेट) समांतर. टिपवरून, म्हणजे सॉकेटच्या सिग्नलच्या टोकावरून, ट्रान्सफॉर्मरच्या बिंदूची खूण असलेल्या प्रायमरी टोकाला, दुसरं टोक स्लीव्हला, म्हणजे सॉकेटच्या जमिनीला. सेकंडरीचं बिंदूचं टोक कॅननच्या २ नंबरला, दुसरं ३ नंबरला, आणि ३ नंबर आता कुठेही बांधलेली नाही. प्रायमरीकडचा पडदा स्लीव्हला, सेकंडरीकडचा १ नंबरला. डबी १ नंबरला. स्लीव्ह आणि १ नंबरच्या मध्ये ग्राउंड लिफ्टचा स्विच, एवढाच दोन जमिनींचा संबंध.

दोन पडदे का, हे लॅपटॉपने शिकवलं. दोन पिनांच्या अॅडॉप्टरवरच्या लॅपटॉपला हात लावला की कधी झिणझिण्या येतात ना, तेच. आतल्या छोट्या कपॅसिटरमधून मेन्सचा अंश त्याच्या जमिनीवर बसलेला असतो, स्विचिंगची किर्र घेऊन. पडदा नसेल तर ही किर्र गुंडाळणीतून गुंडाळणीत कपॅसिटन्सने उडी मारते. दोन पडदे असले की ती एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाते, जमिनीकडून जमिनीकडे, सिग्नलला शिवत नाही.

फेज तपासायला एकच सूर सरळ एका चॅनलला आणि पेटीतून दुसऱ्या चॅनलला दिला, लेव्हल सारखी केली, मग दोन्ही मिसळले. आवाज वाढला. एखादं टोक उलटं असतं तर तो बुडाला असता.

ढोलकीशेजारच्या हार्मोनियमवालेही एक पेटी मागत होते. त्यांच्याकडे चिकटवायचा पिझो पिकअप होता. पिझो म्हणजे विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर. तो १ नॅनोफॅरडचा धरला तर पेटीच्या २८८ किलोओहमच्या भाराला साडेपाचशे हर्ट्झच्या खालचं सगळं उतरतं, हार्मोनियमचा खालचा सप्तक नाहीसा. त्याला १ मेगाओहमच्या वर इनपुट असलेला, आत सर्किट असलेला अॅक्टिव्ह डीआय लागतो, आणि हार्मोनियमसाठी तर समोर धरलेला माइकच बरा. मी त्यांना पेटी केली नाही.

विहारात

तालमीला सगळे विहारात जमले. अॅम्प्लिफायरच्या बोर्डाची पिन पाहिली तर अर्थिंगची पिन पक्कडीने तोडलेली होती. पूर्वी कधीतरी हम घालवायला. ती पिन बदलेपर्यंत मी काहीही चालू करू दिलं नाही. २३० व्होल्टची एखादी तार आतल्या पत्र्याला लागली तर तो करंट माइकच्या जाळीतून गाणाऱ्याच्या ओठांवर येतो. हम घालवायला लिफ्ट आहे, आणि ती फक्त सिग्नलची जमीन सोडते. पेटी व्यवस्थित असेल तर कुणाला अर्थिंग तोडायची गरजच राहत नाही. मुलगा सिताबर्डीतून नवीन तीन पिनांचा प्लग घेऊन आला आणि मग सुरुवात झाली.

लिफ्ट कुठे उघडायची आणि कुठे जोडलेली ठेवायची हे तिघांचं वेगळं निघालं. कीबोर्ड शेजारच्या, अर्थिंग असलेल्या मॉनिटर अॅम्प्लिफायरलाही जोडलेला होता. तिथे लिफ्ट उघडताच हम गेला. लॅपटॉप एकटाच, दोन पिनांवर, दुसऱ्या कशालाच न जोडलेला. तिथे लिफ्ट उघडली तर किर्र वाढली, जोडलेली ठेवली तर शांत. बेंजोला तर वीजच नाही. त्याच्या तारा आणि पत्रा मिक्सरच्या जमिनीवरच टेकतात, म्हणून तिथे लिफ्ट कायम जोडलेली. अपवाद एकच, थ्रूमधून काकांच्या मागचा अॅम्प्लिफायर लावला तर. मुलाने हे तिन्ही पेट्यांवर पट्टी चिकटवून लिहून ठेवलं.

किक स्वच्छ आला, फँटम चालू असतानाही. बेंजोचा पहिला तुकडा वाजला तेव्हा गाणाऱ्या ताई माइक खाली घेऊन मागे वळून पाहायला लागल्या. काकांनी तोच तुकडा पुन्हा एकदा वाजवला, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी उशिरा पोचलो. पटांगण भरलेलं होतं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं कठड्यापर्यंत. पहिलं गाणं सुरू झालं आणि बेंजो पुन्हा दबलेला. गोणपाटासारखा नाही, पण वरची धार नव्हती. मी स्टेजच्या बाजूने गेलो. नवीन पोऱ्याने तिन्ही पेट्या नीटनेटक्या एका ओळीत मिक्सरपाशी मांडल्या होत्या आणि काकांच्या बेंजोपासून तिथवर वीस मीटरची शिल्ड वायर टाकली होती. तिची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरली तरी २,००० झाली. २.६ हेन्रीच्या पिकअपसोबत तिचा रेझोनन्स २.२ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, आणि त्याच्या वर बेंजो वेगाने उतरतो. तीन मीटरच्या वायरवर तोच रेझोनन्स साडेपाच किलोहर्ट्झच्या पलीकडे असतो. वीस मीटर जायचंच तर पेटीच्या पुढच्या, ५० ओहमच्या बाजूने जावं.

दोन गाण्यांच्या मध्ये मुलाने पेटी उचलून काकांच्या आसनाच्या कडेला ठेवली, छोटी वायर लावली आणि लांब अंतराला माइक केबल टाकली. काकांनी खाली पाहिलं, एक तार छेडली आणि मान हलवली. दुसरं गाणं त्यांच्या तुकड्याने सुरू झालं.

कार्यक्रम आटोपल्यावर सामान भरताना मुलाने मार्कर काढला आणि त्या पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: काकांच्या पायाशी ठेवणे.